चौकशी

विट्याच्या स्टँडवर माझ्या खिडकीवर पाटी आहे: चौकशी.
आठ वर्षांत कुणी खरी चौकशी केलेली नाही.
मायणी लागली का? खानापूर गेली का?
बास. खून नाही, चोरी नाही,
गायब होते ती फक्त साडेआठची भिवघाट.

म्हणून शेवटची गाडी सोडून, माईक बंद करून
मी मोबाईलमधल्या दीपगृहात शिरते,
तिथं एक बाई नऊ दिवस सापडत नाहीये.

माझं मत विचाराल तर
(विचारत नाही कुणी, पण खिडकी उघडी आहे)
कोड्यानं खुळं करावं, खुळी समजू नये.
जरा थांबलं की कोपऱ्यात दिवा लुकलुकतो:
सूचना हवी का?
नको. माझं अडकणं मला हवंय.
अडकलेली बाई सकाळी भांडी घासता घासता
एकदम ताठ होते, हातात कढई,
"किल्ली नव्हेच ती! भरती-ओहोटीचा तक्ता!"
सासरे टीव्हीचा आवाज बारीक करतात.
हे सुख जाहिरात बघून मिळत नाही.

एक तक्रार मात्र आहे.
खेळात कुठलीच वस्तू उगाच नसते.
घड्याळ पावणेचारला थांबलं
तर पावणेचारला काहीतरी झालेलं असतं.
माझ्या फलाटावरचं घड्याळही पावणेचारला थांबलंय.
दोन वर्षं झाली. सेल संपलाय.
अर्ज केलाय.

पत्त्यांच्या लढाईत मी वेगळी. तिथं मला दया नाही.
नवी पोरं जिंकली की पान घेतात, परत जिंकली की परत,
राक्षस, वीज, सोनेरी कडा,
टपावर चढवलेलं चाळीस पानांचं लगेज,
आणि ऐन वेळी हातात येते दुर्री.

माझा दीर कोइमतूरला गलाईत आहे.
मूस, भट्टी, ॲसिडचा पिवळा धूर.
तो म्हणतो, वहिनी, सोन्यात सोनं घालून काय होतंय,
मळ जळाला पाहिजे.
तर मी दर फेरीला एक पान जाळते.
आधी तलवारी. मग ती ढाल,
जिच्यावर पहिल्या दिवसापासून जीव होता.
तेरा उरतात, तेरा चोख.
सातव्या मजल्यावरचा तीन तोंडांचा राजा
या तेरा गरिबांपुढं सहा चालींत आडवा झाला
आणि कुणाला कळलंसुद्धा नाही.
बाहेर बाकावर सरगर ड्रायव्हर झोपलेला, तोंडावर रुमाल.

पैसे भरून पानं विकत घेणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही.
विनातिकीट बसणाऱ्याला दंड तरी करता येतो.

सरगर म्हणतो, यंत्राशी कसले पत्ते?
भिडू पाहिजे, भिडूची भुवई पाहिजे.
त्याच्या मेंढीकोटात कुणी मेंढी मारायला निघालं
की मुलाणी कंडक्टर नुसत्या खोकतात,
आणि मेंढी वाचते.
खरं आहे. यंत्राला खोकला येत नाही.
पण हरल्यावर ते तीन दिवस अबोलाही धरत नाही.

दहाव्या दिवशी दीपगृह सुटलं.
बाई आपणहून गेली होती, होडीनं, खुशीत.
मला पटलं नाही. एवढे तक्ते, एवढे आरसे,
आणि शेवटी सगळं नीट घडी घालून ठेवलेलं.

माझ्या फडताळात एक डबा आहे.
गेल्या श्रावणात आटपाडी गाडीत सापडला.
पितळी, तीन पुडांचा, झाकणावर टोच्यानं कोरलंय:
शेवंतास, मामाकडून.
वरची दोन पुडं धुतलेली, कोरडी.
तळाच्या पुडात सागरगोटे.
चार.

पाचवा कुठाय?
इथं कोपऱ्यात दिवा लुकलुकत नाही.
नियमाप्रमाणं तीन महिन्यांनी डबा वर पाठवायचा असतो.
मी नोंद केलेली नाही.
आटपाडी, फलाट दोन, आटपाडी, असं पुकारते
आणि उतरणाऱ्या बायकांच्या
मुठी बघत राहते.